पानांची मागची बाजू

१

कीड पानाच्या वरच्या बाजूला सहसा बसत नाही. हे ज्याला कळलं त्याचं अर्धं काम झालं. वरून पान हिरवंगार, तुकतुकीत दिसतं, बघणारा खूश होऊन निघून जातो. आणि मागच्या बाजूला शिरेला चिकटून मावा निवांत रस ओढत असतो.

म्हणून मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी एकेक पान उलटून बघायचे. सगळ्यात खालच्या पानापासून सुरुवात, मग वर वर. गच्चीच्या नळाशी एक जुना मग आणि मलमलीचं फडकं ठेवलेलं असे. मगात साबणाचं पाणी करायचं. अळी दिसली की चिमटीत धरून मगात टाकायची. साध्या पाण्यावर ती तरंगत राहते, साबणाच्या पाण्यात तळाशी जाते. मावा असला तर ओल्या फडक्यानं दोन बोटांत पान धरून पुसून काढायचा. शिवाय कठड्याला टेकलेली कुंडी हातभर पुढे ओढायची, कारण भिंतीकडची बाजू आपण बघत नाही हे किडीला आपल्याआधी कळतं. सगळीकडून बघून झालं की कुंडी परत मागे.

औषध मी कधी मारलं नाही. मी शहराच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. लोक झाडांवर जे फवारतात ते कुठे जातं हे मी रोज काचेच्या नळीत बघते, आणि त्यावर कुणी विषय काढला की माझं भाषण सुरू होतं. लोक कंटाळतात. कंटाळू देत. हातानं वेचायला वेळ नाही म्हणणाऱ्यांना वेळ कशाकशासाठी असतो ते मला ठाऊक आहे.

माझी खोली गच्चीवरच आहे. एक खोली, तिला लागून ओटा, ओट्यासमोर खिडकी, आणि खिडकीबाहेर माझे टोमॅटो, वांगी, मिरच्या, वाटाण्याची जाळी. मी एकटी राहते. कधीकधी जाणवायचं की दिवस उलटून जातात आणि कुणाचा हात मला लागत नाही. माझा हातही फक्त पानांनाच लागतो.

२

त्या सकाळी मी नेहमीसारखी टोमॅटोपाशी बसले आणि खालचं पान उलटलं. ते ओलं होतं.

दव असेल असं वाटलं. पण वरची बाजू कोरडी होती, फक्त मागची ओली. नाकाशी नेलं तर साबणाचा वास. त्याच्या वरचं पान उलटलं, तेही तसंच. आदल्या दिवशी शेंड्याजवळ मावा धरलेला मी पाहिला होता, तो गेला होता. वांग्याच्या पानांखाली पांढरी माशी नव्हती. वाटाण्यावर अळी नव्हती.

टोमॅटोची कुंडी कठड्यापासून हातभर पुढे होती.

काल मीच मागे ढकलायची विसरले असेन, असं स्वतःला सांगितलं. विसरते मी. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून परत आलेली आहे. पण साबणाच्या पाण्याचा तो मग मी नेहमी पालथा ठेवते. तो सुलटा होता, काठावर पिळलेलं फडकं नीट पसरलेलं, आणि तळाशी अळ्या.

गच्चीच्या दाराची किल्ली माझ्याशिवाय एकाच माणसाकडे होती. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे.

३

नर्सबाई निवृत्त होत्या, पण जीभ अजून नोकरीवर होती. दर एकदोन दिवसांनी त्या धापा टाकत वर यायच्या, न विचारता टोमॅटो तोडायच्या आणि वर मलाच बोलायच्या.

"आज झाडं तुम्ही पुसलीत का?" मी विचारलं.

"मी? अगं, माझे गुडघे मला पुसत नाहीत, मी तुझी झाडं कशाला पुसू?"

"मग कुणी केलं?"

"असेल तुझ्यावर मरणारा कुणीतरी." त्यांनी सगळ्यात लाल टोमॅटो निवडून तोडला. "बाकीचे फुलं आणतात, हा अळ्या वेचतोय बिचारा. तुला शोभेलसाच निघाला."

"तुम्हाला कुणी दिसलं का, ते सांगा."

"दिसला असता तर आधी माझे दिवे पुसून घेतले नसते का त्याच्याकडून?" त्यांनी उभ्या उभ्याच टोमॅटो खाल्ला, हनुवटीवरचा रस पालथ्या हातानं पुसला. "आणि तू जरा माणसांत ये. एवढ्या पोरवयात पानांशी बोलतेस."

"पानं मध्ये बोलत नाहीत."

"ते एक आहे," म्हणाल्या, आणि पदरात आणखी दोन घेऊन खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशीही झाडं पुसलेली होती. तिसऱ्याही. मी दाराला आतून कडी घालून पाहिली, तरी. मला भीती वाटायला हवी होती, खरं सांगायचं तर वाटली नाही. जे काही होतं ते माझ्याच पद्धतीनं करत होतं, खालच्या पानापासून वर, कुंडी हातभर पुढे. माझा हात न लागता माझं काम माझ्यासारखं होत होतं. आयुष्यात माझं काम माझ्याआधी कुणी करून ठेवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मगात ताजं पाणी भरलं, साबण विरघळवला, फडकं धुऊन काठावर ठेवलं. आणि रिकाम्या गच्चीकडे बघून म्हणाले, "थँक्यू हं." मग लाज वाटून घाईघाईनं आत आले.

४

"हे बघ गं," जिन्यात नर्सबाईंनी बाही वर केली. दंडावर दोन बारीक वळ होते, समोरासमोर, कंसासारखे. जणू कुणी दोन नखांत कातडी धरली होती.

"ढेकूण असेल," मी म्हणाले.

"चाळीस वर्षं लोकांची अंगं बघितली मी. ढेकूण चावतो. चिमटा काढत नाही." पण त्या हसत होत्या. "तुझ्या त्या प्रियकराला सांग, वय बघत जा म्हणावं."

एका सकाळी मी केस विंचरत असताना खालून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग पाण्याचा. हाका मारून दार उघडेना तेव्हा पायपुसण्याखालची किल्ली काढून मी आत गेले. न्हाणीघरात कपडे भिजवायचं मोठं घमेलं होतं, आणि नर्सबाईंचं डोकं त्यात होतं. वर फेस. मी त्यांना ओढून काढलं. कसं ते आठवत नाही.

वाचल्या. सगळे म्हणाले, साबणावरून पाय घसरला, या वयात होतं असं. मीही तेच म्हणाले. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी माझं मनगट धरलं. तोंडावरची नळी बाजूला केली.

"घसरले नाही गं. उचललं मला."

"कुणी?"

"दंडाला धरून. दोन बोटांनी." त्या विचार करत होत्या, जणू एखाद्या पेशंटचं लक्षण सांगताहेत. "जोर नव्हता लावला. हलकेच."

मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणूस असं बोलतं. मी ते वाचलेलं आहे. त्यांचा मुलगा आला आणि त्यांना आपल्या गावी घेऊन गेला. खालच्या दाराला कुलूप लागलं, आणि संध्याकाळी जिना चढताना त्यांच्या रेडिओचा आवाज येईनासा झाला. त्या आवाजाचा मला किती राग यायचा.

५

प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर जो बसायचा त्याला सगळे भिंग म्हणत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की आग लागली तरी उठायचा नाही. माझी भाषणं शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटाच होता. डबाही आम्ही एकत्र खायचो. त्याच्याकडे मी हे सगळं बोलले, पण अर्धं थट्टेवारी, कारण पूर्ण गंभीरपणे बोलले असते तर मलाच ते ऐकवलं नसतं.

"रविवारी येऊन बघू का?" तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. माझेही झाले असणार.

आला तो खिशात खरंच भिंग घेऊन. प्रत्येक झाडाशी उकिडवा बसला, पानं उलटली.

"एकही अंडं नाही," तो म्हणाला. "एकसुद्धा. हे बरोबर नाही."

"म्हणजे माझं यश तुला बघवत नाही."

"यश असतं तर दोनचार राहिली असती. माणसाच्या हातून राहतात." उठता उठता त्यानं वाटाण्याची एक शेंग तोडली, अंगठ्यानं उकलली, दाणे तोंडात टाकले. "गोड आहेत. पुढच्या रविवारी पण येऊ?"

"शेंगांसाठी?"

"शेंगा हे निमित्त," तो म्हणाला आणि लगेच जिना उतरून गेला. मी कितीतरी वेळ कठड्यापाशी उभी राहून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.

सोमवारी तो सूक्ष्मदर्शकावर वाकला होता. कॉलरच्या वर, मानेवर, दोन बारीक वळ. समोरासमोर.

"मानेला काय झालंय?"

"काय झालंय?" त्यानं हात लावून पाहिलं. "दुखत तर नाही."

मी काय सांगणार होते? की पाण्याजवळ जाऊ नकोस? पाण्याच्या प्रयोगशाळेत? तोंड उघडलं, शब्द शोधले, आणि मला माझाच राग आला. शिकलेली मुलगी, नर्सबाईंचं भ्रमातलं बोलणं धरून बसलेली. मी माझ्या नळ्यांकडे वळले.

दुपारी तो नमुने घ्यायला गाळ बसायच्या हौदावर गेला. कठडा ओला होता, असं नंतर सगळे म्हणाले. त्याचा देह बाहेर काढला तेव्हा मी तिथे होते. त्या हौदात साबण येण्याचं काहीही कारण नाही. तरी जिथे तो सापडला तिथे पाण्यावर पांढरा फेस गोल गोल फिरत होता. साहेबांनी मला त्या पाण्याचा नमुना घ्यायला सांगितलं. मी घेतला नाही.

६

त्यानंतर मी रजा घेतली. सकाळी गच्चीवर जायचं सोडलं. ओट्यापाशी उभी राहून खिडकीतून बघत राहायचे.

ऊन चांगलं वर आलं होतं. वारा नव्हता, पलीकडच्या इमारतीवर वाळत घातलेली चादर सरळ खाली लोंबत होती. वाटाण्याच्या जाळीतलं सगळ्यात खालचं पान उलटलं.

त्याची फिकट बाजू दिसली. क्षणभर तसंच राहिलं आणि सुटून खाली पडलं. मग त्याच्या वरचं. मग त्याच्या वरचं. ना घाई, ना थांबणं. ती गती माझ्या ओळखीची होती. माझीच होती.

जाळीमागे लगेच कठडा आहे आणि कठड्यामागे चार मजल्यांची पोकळी. तिथे कुणी उभं राहू शकत नाही. मी डोळे बारीक करून बघत होते, सावली, पाखरू, दोरा, काहीतरी सापडेल म्हणून. छातीच्या उंचीवरचं एक पान उलटलं आणि उलटलेलंच राहिलं. त्याची कड कशानं तरी धरली होती. मागून. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. अंगठ्याच्या नखात माती होती.

मी माझ्या हातांकडे पाहिलं. ओट्याच्या कडेवर होते दोन्ही.

पुन्हा वर बघितलं तेव्हा पान सुटलं होतं, हलत होतं. आणि बोटं ज्याला जोडलेली असायला हवीत ते जाळीच्या दाट भागामागे वाकलेलं होतं, पुढची कुंडी ओढण्यासाठी. मी खिडकी लावून घेतली. कुंडी फरशीवर सरकल्याचा आवाज मात्र ऐकला.

७

"सुट्टी लागली की आम्ही दोघी येतोय," फोनवर ताई म्हणाली. "तिकिटंसुद्धा काढली. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही."

ताई माझी मोठी बहीण. ठकी तिची मुलगी, वय वर्षं पाच. मागच्या खेपेला ती पूर्ण दिवस टोमॅटोच्या झाडाखाली बसली होती. हात न लावता, थेट तोंडानं टोमॅटो तोडायची आणि फ्रॉकवर रस सांडायची. तिच्या कोपराचा खळगा मला दिसला, डोळ्यांसमोर, आणि त्यावर दोन वळ.

"खोली लहान आहे, ताई."

"आम्ही पण लहानच आहोत. तुझा आवाज असा का येतोय? जेवतेस ना?"

जेवत होते. त्याच झाडांचं, रोज. मग माझ्या अंगावर वळ का नाहीत, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला, आणि मी तो बाजूला ढकलला.

दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या दुकानात गेले. "सगळ्यात जालीम द्या," म्हणाले.

"कीड कसली आहे?" दुकानदारानं विचारलं.

"दिसत नाही."

"मग ती मारायची कशी?" तो हसला आणि बाटली पुढे केली.

संध्याकाळी तोंडाला रुमाल बांधून मी सगळ्या झाडांवर ते विष मारलं. इतकी वर्षं ज्यावर भाषणं दिली तेच. डोळे चुरचुरत होते, मी थांबले नाही. सकाळी पाहिलं तर एकेक पान मागूनपुढून पुसलेलं होतं, लखलखत होतं. फक्त मगाच्या काठावरचं फडकं तपकिरी झालं होतं.

मग मी झाडं उपटली. टोमॅटो, वांगी, मिरच्या. वाटाणा जाळीसकट ओढला. मुळं सोडताना माती जो आवाज करते तो प्रत्येक वेळी ऐकला. सगळं गोण्यांत कोंबलं, तो मग आणि ते फडकंही त्यातच टाकलं, आणि कचऱ्याच्या गाडीवर स्वतः चढवून आले. गाडीवाला म्हणाला, "बाई, चांगली झाडं आहेत ही." मी म्हणाले, "जाऊ दे."

कुंड्या रिकाम्या झाल्या. गच्ची धुऊन काढली. आता जपण्यासारखं, पुसण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

८

जागी झाले तेव्हा ऊन खोलीत आलं होतं. रोज उठताना मी भिंतीला हात टेकते. सवयीनं हात नेला, तो हवेत पडला.

पलंग भिंतीपासून हातभर पुढे होता.

मी पडूनच राहिले. पलंग लोखंडी आहे, मला एकटीला तो हलत नाही. फरशीवर ओरखडा नव्हता. मानेची मागची बाजू गार लागत होती. हात लावला तर ओली. कानांच्या मागे ओलं, कोपरांच्या आत ओलं, गुडघ्यांच्या मागे ओलं. चेहरा कोरडा. साबणाचा वास.

उशाशी तोच मग होता. काठावर पिळलेलं फडकं नीट पसरलेलं, तपकिरी डाग तसाच. बराच वेळ मी आत बघायचं टाळलं. मग बघितलं. स्वच्छ पाणी. तळाशी काहीच नव्हतं.

मला काय समजण्यात आलं होतं ते आता कळलं. खाणाऱ्यांत माझी गणती कधी झालीच नव्हती.

पळून जायचा विचार केला, नाही असं नाही. ताईकडेच जावं, कायमचं. त्याच दिवशी रजा संपवून कामावर गेले, घराबाहेर बरं वाटेल म्हणून. प्रयोगशाळेत माझं स्टूल नेहमी भिंतीला टेकलेलं असतं, मागे जागाच नाही. ते हातभर पुढे ओढून ठेवलेलं होतं. शेजारचं टेबल रिकामं. मी उभ्यानंच काम केलं, आणि ताईच्या घराचा विचार तिथेच सोडला.

९

"ताई, येऊ नका."

"काय झालं?"

"काही नाही. मला एकटीला राहायचंय."

"तू एकटीच तर राहतेस," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "तुझ्या त्या मित्राचं कळलं मला. म्हणून तर येतोय. बरं, हिच्याशी बोल, ऐकतच नाहीये."

"मावशी, टोमॅटो लागले?"

"नाही गं. या वर्षी काहीच लागलं नाही."

ती विचार करत होती. "मग मी काहीच खाणार नाही," ती म्हणाली. "नुसती तुझ्या कुशीत झोपीन. तुला घट्ट धरून. चालेल?"

पलंगाकडे माझी नजर गेली. भिंतीपासून सुटलेला, चहूबाजूंनी मोकळा. आणि त्यावर ठकी, माझ्या दंडाला चिकटून, तोंड माझ्या मानेत खुपसून. चिकटून बसलेल्याचं काय करायचं ते ज्याला येत होतं, त्याला ते मीच शिकवलं होतं.

"ताईला दे."

"बोल," ताई म्हणाली.

मला ठाऊक होतं तिच्या जिव्हारी काय लागेल. बहिणींना ठाऊक असतं. "तुझ्या घरात तुला कुणी विचारत नाही म्हणून तू माझ्याकडे येतेस," मी म्हणाले. "मी दया म्हणून दार उघडते. आता मला नाही जमत. पुन्हा फोनही करू नकोस."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. ठकी मागून काहीतरी विचारत होती. मग ताईनं, अगदी सावकाश, फोन ठेवला.

संध्याकाळचं ऊन खिडकीतून रिकाम्या कुंड्यांवर पडलं होतं. मी खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे घेतली, स्वतःच, आणि पाठ ताठ करून बसले. रडले नाही. घरात आवाज नव्हता, जिन्यात नव्हता, खाली रेडिओ नव्हता.

मानेवरचे केस हळूच वर उचलले गेले. क्षणभर तसेच राहिले. मग, खाली काही न सापडल्यासारखं, सोडून दिले गेले.